लाळेवरून एचआयव्हीची तपासणी : कशी होते, किती भरवशाची, आणि निकाल आल्यावर काय करायचे

सुई न टोचता, रक्त न काढता, फक्त हिरड्यांवरून एक पट्टी फिरवून एचआयव्हीची तपासणी होते का? होते. काही देशांत ती वीस वर्षांहून जास्त काळ वापरात आहे, आणि घरच्या घरी करता येणारे किटही निघाले आहे. पण या तपासणीबद्दल लोकांच्या मनात दोन गैरसमज असतात. एक, लाळेवरून एचआयव्ही कळतो म्हणजे तो उष्ट्यातूनही पसरत असणार. दुसरा, घरी पट्टीवर एकच रेघ आली की विषय संपला, आता डॉक्टरकडे जायला नको. पहिल्या समजामुळे आजारी माणसाचे ताट वेगळे केले जाते. दुसऱ्यामुळे इलाज लांबतो आणि लागण घरातल्या दुसऱ्या माणसापर्यंत पोहोचू शकते.

म्हणून आम्ही या लेखात ही तपासणी साध्या भाषेत समजावून सांगत आहोत. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो : लाळेची तपासणी ही चाळणी आहे, अंतिम निदान नाही. निदान रक्तावरच होते.

पट्टी नेमके काय शोधते?

बोलताना आपण 'लाळेची तपासणी' म्हणतो, पण पट्टीला तोंडात जमलेली थुंकी नको असते. गाल आणि हिरड्यांच्या आतल्या अस्तरातून एक पातळ द्रव सतत झिरपत असतो. हा द्रव रक्तवाहिन्यांतून येतो, त्यामुळे रक्तातल्या काही गोष्टी त्यात थोड्या प्रमाणात उतरतात. त्यातलीच एक म्हणजे प्रतिपिंडे, ज्यांना डॉक्टर अँटीबॉडी म्हणतात. शरीरात एचआयव्ही शिरला की त्याच्याशी लढायला शरीर ही प्रतिपिंडे बनवते. पट्टी ही प्रतिपिंडे शोधते, विषाणू शोधत नाही.

हा फरक नीट लक्षात घ्या. पट्टीवर रेघ उमटली तरी लाळेतून लागण होते असा त्याचा अर्थ नाही. प्रतिपिंडांमुळे कुणालाच लागण होत नाही. लाळेत विषाणूचे प्रमाण नगण्य असते, आणि लाळेतली काही प्रथिने त्याला निकामीही करतात. एका थाळीत जेवल्याने, एका ग्लासातून पाणी प्यायल्याने, मस्जिदच्या हौजावर शेजारी बसून वुझू केल्याने, मुसाफा केल्याने किंवा गळाभेट घेतल्याने एचआयव्ही पसरत नाही. तो पसरतो असुरक्षित शारीरिक संबंधातून, दूषित रक्त आणि सुईतून, आणि उपचार न घेतलेल्या आईकडून बाळाला गरोदरपणात, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून.

ही तपासणी कधी आली?

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, तोंडातला द्रव गोळा करून प्रयोगशाळेत तपासण्याच्या साधनाला १९९४ मध्ये मंजुरी दिली. तेव्हा निकालासाठी काही दिवस थांबावे लागे. २००४ मध्ये 'ओराक्विक' नावाच्या झटपट चाचणीला तोंडातल्या द्रवासाठी मंजुरी मिळाली आणि निकाल वीस मिनिटांत हातात येऊ लागला. जुलै २०१२ मध्ये हीच चाचणी घरी करण्यासाठी दुकानात विकायला परवानगी मिळाली.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१६ मध्ये एचआयव्हीच्या स्व-तपासणीची शिफारस केली, आणि २०१७ मध्ये तोंडातल्या द्रवावरची पहिली स्व-तपासणी चाचणी आपल्या मान्य यादीत घेतली. मलावी, झांबिया, झिम्बाब्वे अशा आफ्रिकी देशांत ही किट मोठ्या प्रमाणावर वाटली गेली. त्यामागचा विचार साधा होता. ज्यांना दवाखान्याच्या रांगेत उभे राहायची लाज वाटते, ओळखीचे कुणी बघेल याची भीती वाटते, त्यांच्यापर्यंत तपासणीच पोहोचवायची.

सेवाग्राममध्ये काय दिसले?

या तपासणीचा एक महत्त्वाचा अभ्यास आपल्याच महाराष्ट्रात झाला आहे. वर्धा जिल्ह्यातल्या सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. नितिका पंत पै आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४५० जणांची तोंडातल्या द्रवावरून आणि रक्तावरूनही तपासणी केली. हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्हींचे निकाल जवळपास तंतोतंत जुळले, आणि बहुसंख्य लोकांनी सुईपेक्षा पट्टीच बरी असे सांगितले.

त्याच ठिकाणी पुढे प्रसूती कक्षातही रात्रंदिवस अशी तपासणी करून पाहण्यात आली. खेड्यातून बाळंतपणासाठी थेट कळा सुरू झाल्यावरच येणाऱ्या बायका पुष्कळ असतात. त्यांची आधी कुठेच तपासणी झालेली नसते. अशा १,२०० हून जास्त बायकांची तपासणी झाली. जिला लागण आहे तिला वेळेत औषध मिळाले तर बाळ वाचते. इथे वीस मिनिटांत निकाल देणाऱ्या चाचणीची खरी किंमत कळते.

मग भरवसा किती ठेवायचा?

सेवाग्रामला तपासणी प्रशिक्षित लोकांनी केली होती. घरी तसे नसते. डॉ. पंत पै यांनीच २०१२ मध्ये जगभरातले अनेक अभ्यास एकत्र करून मांडणी केली. त्यात दिसले की लागण झालेल्या १०० जणांमागे रक्तावरची झटपट चाचणी ९९ हून जास्त जणांना पकडते, तर तोंडातल्या द्रवावरची साधारण ९८ जणांना. कारण उघड आहे : रक्ताच्या मानाने तोंडातल्या द्रवात प्रतिपिंडे खूपच कमी असतात.

घरी, कुणाच्या मदतीशिवाय केल्यावर हा आकडा आणखी खाली येतो. एफडीएने २०१२ मध्ये मंजुरी देतानाच स्पष्ट सांगितले होते की घरी तपासणी केलेल्या लागण झालेल्या १२ जणांमागे एकाचा निकाल चुकून 'निगेटिव्ह' येऊ शकतो. उलट बाजूला, लागण नसलेल्या ५,००० जणांमागे एकाचा निकाल चुकून 'पॉझिटिव्ह' येऊ शकतो.

हा हिशेब एका उदाहरणाने बघू. समजा एका शहरात १०,००० लोकांनी घरी पट्टी लावली आणि त्यातल्या २० जणांना खरोखर लागण आहे. त्या २० पैकी साधारण १८ जण सापडतील आणि दोघे सुटतील. उरलेल्या ९,९८० निरोगी लोकांत दोघांची पट्टी उगीचच पॉझिटिव्ह येईल. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या २० जणांत दोघे निरोगी, आणि निगेटिव्ह आलेल्यांत दोघे लागण झालेले. चाचणीची अचूकता थोडी जरी घसरली तरी चुकीच्या पॉझिटिव्हचा आकडा भराभर वाढतो. न्यूयॉर्क शहरातल्या दवाखान्यांत २००५ ते २००८ च्या काळात तोंडातल्या द्रवावरचे चुकीचे पॉझिटिव्ह निकाल अचानक वाढले होते. तेव्हा प्रत्येक निकाल रक्तावर पडताळून पाहिल्यामुळेच खरे काय ते कळले.

म्हणून पॉझिटिव्ह पट्टी हातात घेऊन कुणावर तोहमत लावू नका, आणि स्वतःच्या जिवाचे बरेवाईट करण्याचा विचारही मनात आणू नका. ती पट्टी फक्त एवढेच सांगते : रक्त तपासा.

'विंडो पीरियड' : सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट

लागण झाल्या दिवशीच शरीरात प्रतिपिंडे तयार होत नाहीत. त्यांना वेळ लागतो. या मधल्या काळाला विंडो पीरियड म्हणतात. या काळात माणसाला लागण असते, त्याच्याकडून दुसऱ्याला होऊ शकते, पण पट्टी निगेटिव्ह दाखवते.

प्रयोगशाळेत शिरेतल्या रक्तावर होणारी नव्या पिढीची चाचणी प्रतिपिंडांबरोबर विषाणूचा एक अंशही शोधते. तिला १८ ते ४५ दिवस लागतात. फक्त प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचण्यांना, ज्यात लाळेची पट्टी येते, २३ ते ९० दिवस लागतात. त्यातही तोंडातल्या द्रवात प्रतिपिंडे रक्तापेक्षा उशिरा दिसतात. त्यामुळे लाळेच्या पट्टीसाठी तीन महिन्यांचा हिशेब धरावा. मागच्या आठवड्यात धोका घडला आणि आज पट्टी निगेटिव्ह आली, तर त्या निकालाला काही अर्थ नाही.

आणखी एक महत्त्वाचे. धोका घडून ७२ तास व्हायच्या आत असाल तर पट्टी शोधत बसू नका, थेट सरकारी रुग्णालयात जा. लागण रोखणारी औषधे असतात, ती ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. जितक्या लवकर सुरू कराल तितके बरे.

तपासणी कशी करतात?

किटमध्ये सपाट टोकाची एक पट्टी आणि द्रव भरलेली छोटी कुपी असते. पद्धत अशी :

१. पाकिटाची मुदत संपलेली नाही आणि सील फुटलेले नाही हे आधी बघा. किट उन्हात किंवा तापलेल्या गाडीत ठेवलेले नसावे.

२. तपासणीआधी १५ मिनिटे काही खाऊ-पिऊ नका. दात घासले असतील किंवा माउथवॉशने चूळ भरली असेल तर अर्धा तास थांबा.

३. पट्टीच्या सपाट टोकाला बोट लावू नका. ते टोक वरच्या हिरडीवरून एकदा आणि खालच्या हिरडीवरून एकदा, या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवा. जिभेवर, टाळूला किंवा गालाच्या आत घासू नका.

४. पट्टी कुपीत उभी ठेवा. कुपीतला द्रव पिऊ नका, सांडू नका.

५. किटवर सांगितलेल्या वेळेतच निकाल वाचा. ओराक्विकसाठी ही वेळ २० ते ४० मिनिटे आहे. आधी वाचला तर रेघ उमटलेली नसते, फार उशिरा वाचला तर खोटी रेघ दिसू शकते.

पट्टीवर 'सी' आणि 'टी' अशा दोन जागा असतात. फक्त 'सी'वर रेघ आली तर निगेटिव्ह. 'सी' आणि 'टी' दोन्हींवर आली, 'टी'ची रेघ अगदी फिकट असली तरी, ती पॉझिटिव्हच धरायची आणि रक्त तपासायचे. 'सी'वर रेघच नसेल तर चाचणी बाद, तिचा काही निकाल नाही. तेव्हा नवे किट घ्यावे किंवा सरळ केंद्रावर जावे.

पान, मिसवाक आणि रोजा

आपल्या घरातल्या सवयी लक्षात घेऊन थोडे सांगतो. पान, सुपारी, तंबाखू, मिश्री, गुटखा यातले काहीही तोंडात असताना तपासणी करू नका. आधी साध्या पाण्याने तोंड स्वच्छ करा आणि मग थांबा. मिसवाक केली असेल तर ती दात घासण्यासारखीच समजा आणि अर्धा तास जाऊ द्या. हिरड्यांतून रक्त येत असेल किंवा तोंड आले असेल तर पट्टीपेक्षा केंद्रावर जाऊन रक्त तपासणे चांगले.

रमजानमध्ये हा प्रश्न हमखास निघेल : रोजा असताना पट्टी लावली तर? पट्टी हिरडीवरून फिरवून लगेच बाहेर काढायची असते, गिळायचे काही नसते. तरी मनात शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारा, नाहीतर इफ्तारनंतर अर्धा-पाऊण तासाने करा. तपासणीच्या निकालात यामुळे काही फरक पडत नाही. पण रमजानचे कारण सांगून महिनाभर पुढे ढकलू नका.

या पट्टीवर कुणी विसंबू नये?

दीड वर्षाखालील बाळ : आईला लागण असेल तर तिची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात काही महिने राहतात. बाळाला लागण नसली तरी चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. अशा बाळासाठी विषाणूच शोधणारी वेगळी चाचणी असते. सरकारी केंद्रांवर ती बाळ सहा आठवड्यांचे झाल्यापासून केली जाते.

एचआयव्हीची औषधे आधीपासून घेणारी व्यक्ती : औषधांमुळे प्रतिपिंडे कमी होऊन पट्टी निगेटिव्ह दिसू शकते. ते पाहून 'आपण बरे झालो' असे समजून गोळ्या बंद करणे फार धोक्याचे आहे. लागण संपलेली नसते, दबलेली असते.

नुकताच धोका घडलेली व्यक्ती : याबद्दल वर सांगितलेच आहे.

खतना, निकाह आणि गल्फचे मेडिकल

'आमच्यात खतना होते, म्हणून आम्हाला हा आजार होत नाही' असे काही जण छातीठोकपणे सांगतात. यातले अर्धे खरे आहे, आणि अर्धे सत्यच जास्त नुकसान करते. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडात झालेल्या चाचण्यांत खतना झालेल्या पुरुषांना स्त्रीकडून लागण होण्याचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी दिसला. म्हणजे धोका कमी होतो, संपत नाही. आणि पतीला लागण असेल तर त्याच्या खतनामुळे बीवीला संरक्षण मिळते असे या चाचण्यांतून दिसलेले नाही. शिवाय सुईतून किंवा रक्तातून होणाऱ्या लागणीशी खतनाचा काही संबंधच नाही.

निकाहच्या आधी दोन्ही बाजूंनी राजीखुशीने तपासणी केली तर त्यात शरमेचे काही नाही. पण ती लाळेच्या पट्टीवर करून निश्चिंत होऊ नका. केंद्रावर जाऊन रक्त तपासा, आणि दोघांचेही तपासा. फक्त मुलीकडून अहवाल मागायचा आणि मुलाबद्दल कुणी विचारायचे नाही, ही पद्धत अन्यायाची आहे. कुणाला न सांगता, फसवून पट्टी लावणे हा तर सरळ गुन्हाच समजा.

नोकरीसाठी सौदी, कुवेत, कतारला जाणारी मुले कोकणात आणि मुंबईत घरोघरी आहेत. व्हिसाच्या मेडिकलमध्ये एचआयव्हीची तपासणी रक्तावर होते. घरातली निगेटिव्ह पट्टी तिथे दाखवून उपयोग नाही. एजंटला पैसे भरण्याआधी शंका दूर करायची असेल तर सरकारी केंद्रावर मोफत रक्त तपासून घ्या. आणि मेडिकलमध्ये 'अनफिट' शिक्का बसला तर तो कागद लपवून घरी बसू नका. त्याच आठवड्यात सरकारी केंद्रावर जा.

भारतात निदान कसे होते?

आपल्याकडे सरकारी व्यवस्थेत निदान रक्तावरच केले जाते. जिल्हा रुग्णालये, ग्रामीण रुग्णालये आणि वैद्यकीय महाविद्यालयांत आयसीटीसी नावाची समुपदेशन आणि तपासणी केंद्रे आहेत. तिथे तपासणी मोफत असते. आधी समुपदेशक बोलतात, तुमची संमती घेतात, मग रक्त घेतात. पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली तर लगेच निकाल देत नाहीत. लक्षणे नसलेल्या माणसाचे रक्त तीन वेगवेगळ्या प्रकारच्या चाचण्यांवर तपासले जाते आणि तिन्ही जुळल्यावरच निदान सांगितले जाते. लाळेच्या एका पट्टीवर विसंबू नका असे आम्ही का म्हणतो, ते इथे कळेल.

२०१७ चा एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार संमतीशिवाय कुणाची एचआयव्ही तपासणी करता येत नाही, आणि निकाल परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगता येत नाही. नोकरी, शिक्षण, उपचार, भाड्याचे घर यात लागण झालेल्या माणसाशी भेदभाव करता येत नाही. आपल्या दीनच्या भाषेत सांगायचे तर कुणाचा निकाल ही अमानत आहे. मोहल्ल्यात त्याची चर्चा करणे ही गीबत आहे, आणि कायद्यानेही त्याला मनाई आहे.

पॉझिटिव्ह आले तर?

आधी रक्ताची खात्री करा. खात्री झाली तर एआरटी केंद्रावर नाव नोंदवा. भारतात एप्रिल २००४ पासून सरकारकडून ही औषधे मोफत मिळतात, आणि २०१७ पासून निदान झालेल्या प्रत्येकाला, तब्येत चांगली असली तरी, औषधे सुरू करण्याचे धोरण आहे. रोज वेळेवर गोळ्या घेतल्या तर माणूस नोकरी करतो, संसार करतो आणि इतरांसारखे लांब आयुष्य जगतो. रक्तातला विषाणू चाचणीत सापडणार नाही इतका खाली गेला आणि तिथेच टिकला, तर जोडीदाराला शारीरिक संबंधातून लागण होत नाही.

आई होणाऱ्या बायकांसाठी तर हे फारच मोलाचे आहे. उपचार नसतील तर आईकडून बाळाला लागण होण्याचा धोका १५ ते ४५ टक्के असतो. उपचार घेतले तर तो ५ टक्क्यांच्या खाली येतो. म्हणून गरोदरपणात एचआयव्हीच्या तपासणीला नकार देऊ नका, आणि सुनेची तपासणी झाली की मुलाचीही करून घ्या. पुष्कळ घरांत लागण पतीकडून आलेली असते, पण पहिला अहवाल गरोदर बीवीचा निघतो, आणि सगळा दोष तिच्या माथी मारला जातो. अहवाल आधी कुणाचा आला यावरून लागण आधी कुणाला झाली हे कधीच ठरत नाही.

थोडक्यात

लाळेची पट्टी सोपी आहे, दुखत नाही, आणि तपासणीला घाबरणाऱ्या माणसाला पहिले पाऊल टाकायला मदत करते. पण धोका घडून तीन महिने झाले नसतील तर निगेटिव्ह पट्टीवर विश्वास नको, आणि पॉझिटिव्ह पट्टीवर रक्त तपासल्याशिवाय विश्वास नको. शंका असेल तर १०९७ या मोफत राष्ट्रीय हेल्पलाइनवर नाव न सांगताही बोलता येते आणि जवळचे केंद्र विचारता येते. मस्जिद कमिटी, महिला मंडळे आणि मदरशातल्या शिक्षकांनी हा नंबर फलकावर लावला, तर जो कुणाला विचारू शकत नाही त्यालाही वाट सापडेल.